वजनाचे दोन वाटे

गोदीत तिला सगळे आत्या म्हणत. रंगारी तिच्याहून वयाने चांगला थोर, तोही म्हणे. खरं तर ती आत्या फक्त मिस्त्रीच्या दोन मुलींची. पण मुलींची हाक कामगारांनी उचलली आणि तिचं स्वतःचं नाव मागे पडलं ते पडलंच. मिस्त्री तिचा थोरला भाऊ. गोदी त्यांच्या वडिलांची, आता मिस्त्रीची. खाडीच्या काठाला लांबट पत्र्याची शेड, तिच्यापुढे लाकडाचे ढीग, आणि तिथून पाण्यात उतरत गेलेल्या दोन जाड तुळया. गलबत या तुळयांच्या वरच्या टोकाला बांधलं जाई आणि तयार झालं की त्यांच्यावरूनच घसरत पाण्यात जाई. बांधायचं काम मिस्त्रीचं. घसरवायचं काम आत्याचं.

आता घसरवण्यात कसली आली विद्या, असं कुणालाही वाटेल. उतार दिला की वस्तू खाली येते, शेंबड्या पोरालाही कळतं. आत्यासमोर असं कुणी बोललं की ती त्याच्याकडे नुसती बघत राही, आणि बोलणारा उगाच आपल्या शर्टाची बटणं चाचपू लागे. गलबत जोरात सुटलं तर समोरच्या दगडी धक्क्यावर जाऊन आपटणार, कारण खाडी तिथे अरुंद. हळू गेलं तर आणखी वाईट. मध्येच अडकलं की अर्धं तुळयांवर, अर्धं पाण्यात, आणि ओहोटी लागून खालचा आधार गेला की त्याची पाठच मोडते. म्हणजे उतार हवा तो अगदी बेताचा. आणि तो बेत गलबताला विचारता येत नाही.

वडील तो ठोकळ्याला विचारत. साबणाच्या वडीएवढा लाकडाचा ठोकळा, गलबताखालच्या लाकडातूनच कापलेला, खालून तेच वंगण लावलेला. तो फळीवर ठेवायचा, फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं, आणि ठोकळा ज्या उताराला सुटतो तो उतार खाचा पाडलेल्या काठीवर मोजून घ्यायचा. गलबतही त्याच उताराला सुटतं. एवढंसं लाकूड एवढ्या मोठ्या गलबताच्या मनातलं सांगतं, यावर आत्याचा लहानपणी काडीचा विश्वास नव्हता.

मग एका दुपारी वडिलांनी फळीवर शेजारी शेजारी दोन ठोकळे ठेवले. एक नुसता, दुसऱ्यावर लोखंडाचा जाडजूड तुकडा बांधलेला. फळी उचलली तर आधी कोण सुटेल, त्यांनी दोन्ही पोरांना विचारलं. जड, दोघं एका दमात म्हणाली. वडील फळी उचलत गेले. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग दोन्ही ठोकळे एकदम निघाले. भाऊ म्हणाला, बाबांनी काहीतरी लबाडी केली. लोखंड एकावरून काढून दुसऱ्यावर बांधलं, तरी तेच. भाऊ कंटाळून खाडीतले मासे बघायला गेला. बहीण तिथेच बसून राहिली. पुढे दोघांनी आपापलं काम निवडलं ते त्याच दुपारी, असं म्हटलं तरी चालेल.

वडिलांनी तिला सांगितलं ते त्यांच्या भाषेत. उतारावर ठेवलं की वजनाचे दोन वाटे होतात. एक वाटा फळीच्या पोटात दाबतो, दुसरा फळीवरून खाली ओढतो. दाबणारा जितका मोठा, तितकी फळी घट्ट धरते. ओढणारा जितका मोठा, तितकी वस्तू खाली जाऊ बघते. फळी जास्त उचलावी तसा ओढणारा वाटा वाढत जातो आणि दाबणारा कमी होत जातो. मग त्यांनी विचारलं, फळी आहे तशीच ठेवली आणि वजन वाढवलं, तर भांडणात कोण जिंकेल? ती पुष्कळ वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, आधी जो जिंकत होता तोच, कारण वाढले तर दोघेही वाढणार. वडिलांनी मान डोलावली आणि ते पुन्हा रंध्याला लागले.

तिच्या मात्र अंगावर काटा आला होता. मोठ्या वस्तूंचा कायदा निराळा असतो, तिथे आपलं काही चालत नाही, अशी तिची तोवर समजूत. आणि इथे तिच्या मुठीत मावणाऱ्या लाकडाला आणि शेडपुढे उभ्या असलेल्या गलबताला एकच नियम, कुणाला सूट नाही. तिला ते इतकं भारी वाटलं की पुढे कितीतरी दिवस तिने घरात सपाट म्हणून काही राहू दिलं नाही. ताट तिरकं, पाटी तिरकी, कपाटाची फळी तिरकी. आईची साबणाची वडी आधी कोरडी, मग ओली, मग वाळूत घोळवून ताटात घसरवून झाली. या मुलीला सरळ ठेवलेलं काही बघवत नाही, असं म्हणून आईने कपाळाला हात लावला.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा चांगला होता, पण लवकर गेला. ती माहेरी परतली तेव्हा वडिलांचे हात थरथरायला लागले होते आणि मिस्त्रीला वंगणाच्या वासाने मळमळे. तिने न विचारताच बादली उचलली. चरबी, तेल आणि मऊ साबण शेगडीवर वितळवायचा, घोटायचा, तुळयांवर जाड थर द्यायचा. कपड्यांना तो वास कायमचा बसला. वहिनी तिचं धुणं वेगळं भिजवी आणि म्हणे, "वन्सं, तुमच्या साड्या स्वतःच चालत पाण्यात जातील." दोघींचं गूळपीठ होतं, म्हणून हे चालून जाई.

भावाशी मात्र तिचं एका बाबतीत कधी जमलं नाही. ठोकळ्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो चिडवायचा, आमची आत्या हत्तीची तब्येत मुंगीला विचारते. गलबतं सुरळीत पाण्यात जात, तेव्हा तो ते आपल्या बांधणीचं पुण्य समजे. ती वाद घालत नसे. बहिणीने उतार लावावा, त्याने आपल्या मनाने पाचरी ठोकून तो थोडा बदलावा, आणि तिने त्याचं लक्ष नसताना त्या परत काढाव्यात, असा त्यांचा संसार चालला होता.

मग ते मोठं गलबत आलं. गोदीने आजवर बांधलेल्यांच्या दुप्पट. ते उभं राहिलं तसं शेडमध्ये दुपारचा उजेड येईना, आणि त्याच्या पोटाखालून जाताना माणसं नकळत आवाज खाली आणत. मिस्त्रीने त्यात जीव ओतला होता. पन्नाशी उलटल्यावर असं काम पुन्हा हाताला येणार नाही हे तो जाणून होता, आणि म्हणूनच घाबरला होता. हे धूड सुटलं तर आवरणार कोण? त्याने ठरवलं की तुळयांचा उतार निम्मा करायचा. गलबत अजून टेकूंवर होतं, तुळया खाली मोकळ्या होत्या, तेव्हा पाचरी काढणं सोपं होतं.

आत्याने या वेळी लपूनछपून काही केलं नाही. वहिनीच्या देखत, जेवणाच्या टेबलापाशी ती त्याला म्हणाली की निम्म्या उताराला ते जागचं हलणार नाही. तो म्हणाला, एवढं वजन आहे. ती म्हणाली, थांबवायला ते जड आहे हे खरं, त्यासाठी साखळदंड दुप्पट बांध. पण सुटायला जड आणि हलकं सारखंच. मग तिने त्याच टेबलावर दोन पेले, एक भरलेला आणि एक रिकामा, ठेवले आणि फळीची एक बाजू उचलून दाखवली. पेले एकदमच घसरले. भरलेला वहिनीच्या मांडीवर सांडला, हा भाग वेगळा.

मिस्त्रीने दोन्ही पेले उचलून सरळ ठेवले. त्याने विचारलं, "मग तू सांगशील तो उतार. पण हळू जाईल ना गं?"

"हळू जाईल," ती म्हणाली. "ठोकळा सुटतो त्याच्यापेक्षा केसभरच जास्त देते."

"तुझ्यावर सोडतो." त्याने आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं होतं. आत्या भांडी घासायला उठली ती हसू लपवायला.

तिने शेडमध्ये शेगडीजवळ बसून ठोकळा पुन्हा पुन्हा घसरवला. एकदा मोजलेला उतार भरवशाचा नाही म्हणून वंगण नवं घोटून परत घसरवला. दर वेळी काठीवरची खाच तीच आली. तिने त्या खाचेच्या वर केसभर, खरोखर केसभरच, उतार ठेवला. तिला भावाला दाखवायचं होतं, की एवढं मोठं गलबत आपण सांगू त्या चालीने नेऊ शकतो. हा थोडा गर्व होता, आणि तो तिला तेव्हा गर्व वाटला नाही.

मोठी भरती सकाळची होती. आदल्या संध्याकाळी टेकू काढून गलबताचा भार पाळण्यावर घेतला. पाळणा म्हणजे गलबताला पोटाशी धरणारी लाकडी चौकट. तिच्या खालच्या फळ्या वंगण लावलेल्या तुळयांवर बसल्या. आता सगळा भार एका अडसरावर अडून होता. सकाळी उजाडता उजाडता गोदीत अख्खी वस्ती जमली. थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडून वाफ निघे. आत्याने नेहमीप्रमाणे पाळण्याच्या फळीवरून तुळईवर खडूने एक आडवी रेघ ओढली, म्हणजे हालचाल लगेच दिसावी. पाणी चढलं. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि घणाचा घाव बसून अडसर उडाला.

गलबत हललं नाही.

सगळे श्वास धरून उभे होते. मग हळूहळू श्वास सुटू लागले. रंगारी म्हणाला, गलबताला आमची गोदी आवडली, सोडून जावंसं वाटत नाही. कुणी हसलं नाही. मिस्त्रीने बहिणीकडे पाहिलंही नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं की उतार तिचा होता. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाणी आता फार वेळ थांबणार नव्हतं, आणि ते ओसरलं की पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत हे धूड असंच टांगलेलं राहणार होतं.

कुठेतरी खालचा एखादा टेकू राहिला असेल, असं म्हणून मिस्त्री घण घेऊन गलबताच्या पोटाखाली शिरला. त्याने दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. आतून त्याच्या ठोकण्याचे आवाज येऊ लागले.

आत्या तुळईपाशी खाली बसली. काय चुकलं हे तिला कळेना, आणि तिला मरणाची लाज वाटत होती. तिने तुळईच्या कडेचं वंगण चिमटीत घेतलं. ते मेणासारखं कडक होतं. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ठोकळा घसरवला होता शेगडीच्या उबेत. गलबत रात्रभर उभं होतं थंडीत. वंगण गोठलं, धरायची ताकद केसभर वाढली, आणि तिने ठेवलेला केसभर त्यात गेला. नियम चुकला नव्हता. त्याला विचारायची जागा तिची चुकली होती.

आणि मग तिला पुढचं दिसलं. गलबत अडकलेलंच नव्हतं. उतार त्याला या क्षणीही खाली ओढत होता, अडसर उडाल्यापासून ओढतच होता, आणि गोठलेलं वंगण अगदी तितकंच, ना रतीभर कमी ना रतीभर जास्त, मागे धरून होतं. गावातले सगळे बैल जुंपले तरी हलणार नाही असं वाटणारं ते धूड आणि पाणी यांच्यामध्ये थोडा गारठा होता, बाकी काही नव्हतं. हे समजलं तेव्हा तिने तळहात तुळईवर टेकवला. इतकी प्रचंड ओढ आणि इतकी प्रचंड पकड, शेजारी शेजारी, आणि वरून बघावं तर सगळं कसं शांत. एखाद्या मोठ्या देवळात शिरावं तशी ती क्षणभर तिथेच बसून राहिली.

शेडच्या आडून ऊन बाहेर आलं. सूर्य अजून खालीच होता, त्यामुळे ते आडवं थेट गलबताच्या पोटाखाली शिरलं आणि दोन्ही तुळयांवर पसरलं. वंगणावर ओलसर चकाकी आली. आत्याने खडूच्या रेघेकडे पाहिलं. पाळण्यावरचा तुकडा आणि तुळईवरचा तुकडा आता एका ओळीत नव्हते. मध्ये नखाएवढी फट होती.

ती ओरडली नाही. तिने पोटाखाली वाकून हाक मारली, "दादा, बाहेर ये."

आतून तो म्हणाला, आता तरी मला माझं काम करू दे.

"दादा, ते निघालंय. कुणी हात न लावता निघालंय. तू बाहेर ये."

ठोकणं थांबलं. आता ती जगात दुसरं काही ऐकत नव्हती, फक्त तो येतोय का एवढंच. रंगारी मागून म्हणत होता, आता आत्याला भासही व्हायला लागले. मग घणाचा दांडा दिसला, मग भावाचा हात, मग खांदा. तिने दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं, तशी दोघंही मागे चिखलात बसली.

गलबत चाललं होतं. आधी इतकं हळू, की ते स्थिर आहे आणि शेडच मागे जात आहे असं वाटावं. आवाज काहीच नाही. कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं, घण मिस्त्रीच्या हातात होता. एवढं धूड आपल्याच वजनाच्या एका वाट्याने, ठोकळा जसा जाई तसंच, अगदी तसंच, निघालं होतं. वस्तीतली माणसं न सांगता मागे सरली. वेग वाढला तशा तुळया गुणगुणू लागल्या, वंगणाचा धूर निघाला, साखळदंड एकामागून एक ताठ झाले, आणि गलबत पाण्यात बसलं, डोललं, आणि धक्क्याच्या पुष्कळ अलीकडे थांबलं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते भावासाठी होतं की त्या चालण्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग एकच गलका झाला. टोप्या उडाल्या, रंगारी नाचायला लागला, वहिनी गर्दीतून वाट काढत नवऱ्याकडे धावली. मिस्त्री मात्र तुळईकडे बघत होता. त्याची एक चप्पल आत राहिली होती. आता ती तुळईवर वंगणात चिकटलेली होती, कागदासारखी सपाट.

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो काठाच्या ओंडक्यावर जाऊन बसला. आत्या शेजारी बसली आणि म्हणाली की चूक तिचीच होती, तिने थंडी हिशेबात धरली नाही. मग तिने विचारलं, तू बाहेर आलास कशाला, मी तर तुझ्यादेखत तोंडावर पडले होते.

"म्हणून तर आलो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर चुकलेलं माणूस गप्प बसतं. मी तर बसलोच असतो. तरी तू बोललीस, म्हटलं, हिला नक्की काहीतरी दिसलंय." आणि अनवाणी पाय लांब करून, चिखलाने भरलेल्या बोटांकडे बघत, तो हसायला लागला.